सुभेदारांच्या माळवदावरची टरफलं

आमच्या सासरी अंडं कुणी खात नव्हतं. तरीही एका उन्हाळ्यात आमच्या माळवदावर तीन पोती अंड्यांची टरफलं वाळत पडली होती, आणि ती तिथं मीच नेऊन पसरली होती.

हे आधीच कबूल केलेलं बरं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, ही बाई शेवटी दुसऱ्या कुणावर तरी ढकलणार. (तसा प्रयत्न मी त्या वेळी केला होता. जमला नाही.)

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी मूळची सांगलीची. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि त्याच वर्षी लग्न होऊन कोरेगावजवळच्या एका खेड्यात आले. त्या गावातली मी पहिली बी.एस्सी. सून! त्यामुळं कुणाची म्हैस अडली, कुणाची कोंबडी खुडूक बसली, की बाया थेट माझ्याकडं. मी आयुष्यात एक बेडूक आणि दोन झुरळं फाडली होती. म्हशीशी माझी ओळख दुधापुरती. पण ‘मला माहीत नाही’ असं म्हणायला आम्हाला कॉलेजात कुणी शिकवलंच नव्हतं.

घरात माणसं मोजकी. माझे सासरे, म्हणजे मामंजी, पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले. पलटणीत असताना त्यांनी काय काय खाल्लं होतं ते त्यांनाच ठाऊक. पण घरी आल्यावर त्यांनी गळ्यात तुळशीची माळ घातली आणि मटण, मासे, अंडी उंबऱ्याबाहेर काढली. माळकरी गावात बरेच होते. पण माळकरी सुभेदार एकच! सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या गुडघ्यांनी अधू होत्या, पण जिभेनं मुळीच नव्हत्या. नणंद सुमन, माझ्याहून वर्षभरानं लहान, आणि माझी या घरातली एकुलती एक मैत्रीण. आणि आमचे हे, सातारा डेपोत एस.टी.चे कंडक्टर.

दुष्काळात रस्त्याच्या कामासाठी आमच्या रानाच्या कडेनं मुरूम उपसला होता. पुढच्या पावसात तो खड्डा जो भरला तो उन्हाळ्यातही आटेना. मत्स्यखात्याचे एक साहेब मोटरसायकलवरून जाता जाता थांबले, पाण्यात काठी घालून बघितली, आणि पंधरा दिवसांनी बोटाएवढी पिल्लं घेऊन आले. रोहू, कटला, मृगळ.

“माळकऱ्याच्या रानात मासं?” आत्याबाईंनी विचारलं.

“खायाला कुनी सांगितलंय?” मामंजी म्हणाले. “नदीच्या घाटावर लोकं माशास्नी पिठाच्या गोळ्या घालत्यात, त्ये पुण्य. मग आपल्या रानात घातल्यावर पाप कसं हुईल?”

मासे मोठे झाल्यावर त्यांचं काय करायचं, हा प्रश्न घरात कुणी काढायचा नाही, असा अलिखित हुकूम होता.

रोज सकाळी मामंजी शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा कालवून डब्यात घेत आणि तळ्याच्या काठावर उभे राहून डब्यावर चमचा वाजवत. टण्‌ टण्‌ टण्‌! पाण्यात खळबळ व्हायची आणि शंभर तोंडं वर यायची.

“फॉलिन झाली बघ समदी,” मामंजी खूश होऊन म्हणायचे. “पलटणीतबी येवढी शिस्त न्हवती.”

आणि एके दिवशी ते डबा तसाच घेऊन परत आले. जोत्यावर बसले. चहा घेतला नाही.

“सूनबाई, काय तर झालंय त्यास्नी. चार-पाच जणांची पाठ वाकडी झालीया. गोळी लागल्यागत तिरकं तिरकं चालत्यात. तू शिकलेली हाईस. बघ काय तरी.”

त्या घरात मला ‘बघ काय तरी’ असं प्रथमच कुणी म्हणत होतं. एरवी ‘बघ, भात करपला!’ एवढंच. मी पदर खोचला आणि तळ्यावर गेले. पाठी खरंच वाकड्या होत्या. योगायोगानं त्याच आठवड्यात साहेब आले. मामंजी कोरेगावला बाजाराला गेलेले. साहेबांनी जाळीत एक मासा उचलून धरला.

“खाद्यात खनिजं कमी पडतायत, बाई. नुसत्या पेंड-कोंड्यावर भागत नाही. हाडांचा चुरा आणा आणि थोडा थोडा मिसळा. चिमूटभर मीठही घाला.” आणि फटफटी सुरू करून ते गेलेसुद्धा.

हाडांचा चुरा! मामंजींच्या घरात! तो आणला असता तर तिथं माझ्याच हाडांचा चुरा झाला असता.

मी दोन दिवस विचार केला. हाड म्हणजे काय? कॅल्शियम. कॅल्शियम आणखी कशात असतं? अंड्याच्या टरफलात! टरफल म्हणजे काही अंडं नव्हे. अंडं खाणारा खाऊन गेला, मागं राहिलं ते निव्वळ खनिज. डाळिंब खाल्ल्यावर साल राहते तसं. माझा युक्तिवाद मला इतका आवडला की मी तो सुमनला ऐकवला.

“वैनी, आबांना सांगायचं का?” तिनं विचारलं. मामंजींना ती आबा म्हणायची.

“औषधाचं नाव रोग्याला सांगत नाहीत,” मी म्हणाले.

“पन आबा कुटं रोगी हायत? रोगी मासं हायत.”

सुमनचं हे असं होतं. नेमका प्रश्न विचारायची आणि मग माझ्याच बाजूनं उभी राहायची.

आता टरफलं आणायची कुठून? आमचे हे तेव्हा पाचगणीच्या गाडीवर होते. पाचगणीत साहेबी थाटाच्या बोर्डिंग शाळा, आणि शाळेतल्या पोरांना रोज सकाळी अंडी. ह्यांनी एका शाळेच्या स्वयंपाक्याशी ओळख काढली. स्वयंपाकी म्हणाला, न्या की, आम्हाला तरी कुठं टाकायची हा प्रश्नच आहे. झालं! दर पंधरा-वीस दिवसांनी एस.टी.च्या टपावरून एक पोतं पाचगणीहून निघू लागलं. गाडी खड्ड्यात आदळली की वरून कुर्रकुर्र आवाज यायचा. एका म्हातारबांनी विचारलं, “मास्तर, वर काय हाय वं?” तेव्हा ह्यांनी सांगितलं, “काचसामान!” तेव्हापासून प्रवासीच ड्रायव्हरला ओरडून सांगायचे, “हळू घे, गड्या, वर काचा हायत!”

(लग्नानंतर नवऱ्यानं बायकोसाठी मोगऱ्याचा गजरा आणावा अशी माझी कल्पना होती. आमच्याकडं टरफलांचं पोतं यायचं. पण आणायचे मात्र न चुकता.)

पोतं आलं की आम्ही दोघी टरफलं उकळून, धुऊन माळवदावर पसरायचो. आत्याबाई गुडघ्यांमुळं शिडी चढत नव्हत्या, आणि माळवद म्हणजे पापड-कुरडयांचं खातं, म्हणून मामंजी तिकडं फिरकत नव्हते. वाळली की दुपारी उखळात कुटायची आणि वस्त्रगाळ करून डब्यात भरायची. पांढरीशुभ्र पूड!

“ह्ये काय गं?” आत्याबाईंनी विचारलं.

“पाचगणीची माती आहे, आत्याबाई. माशांचं औषध.”

“लय पांढरी हाय गं माती.”

“थंड हवेची आहे ना!” मी म्हणाले. हे उत्तर मला कुठून सुचलं ते देव जाणे. पण आत्याबाईंना पटलं.

मामंजींना तर फारच पटलं. पेंडीत पूड मिसळून घालताना ते माशांना सांगायचे, “खावा, पाचगणीचा माल हाय!” पाठी सरळ झाल्या नव्हत्या. पण औषधाला वेळ लागतो, असं मी सगळ्यांना सांगत होते. स्वतःलाही.

इथपर्यंत सगळं व्यवस्थित होतं. मग कावळे आले.

टरफलाच्या आतला पातळ पापुद्रा कितीही धुतलं तरी थोडा राहतोच. कावळ्यांना त्याचा पत्ता लागला. आधी दोन, मग दहा, मग आख्ख्या पंचक्रोशीतले! आमच्या घरावर रोज श्राद्ध असल्यासारखी पंगत बसू लागली. बरं, जागेवर खावं की नाही? ते टरफल चोचीत धरून उडायचे आणि गावभर टाकायचे. पाटलांच्या परसात टरफल. शाळेच्या कौलांवर टरफल. देवळाच्या पायरीवर टरफल! आम्ही वरून जुनी लुगडी अंथरली, दगड ठेवले. कावळ्यांनी लुगड्यांना भोकं पाडली.

गावाला डोळे असतात. टरफलं कुठून उडत येतात ते आठ दिवसांत सगळ्यांना कळलं. घरात मात्र कुणालाच नाही, कारण गावात मामंजींच्या तोंडावर बोलायची छाती कुणाची नव्हती. पारावर मात्र चर्चा चालू:

“सुभेदाराच्या घरात अंडी शिजत्यात म्हनं.”

“एकदोन न्हवं गड्या, पोत्यानं!”

“पलटणीतली सवय. माळ घातली म्हणून जिभंला काय कळतंय?”

हे मला पाणवठ्यावर एका बाईनं ऐकवलं आणि माझ्या हातातली कळशी सुटली. मामंजींनी आठ वर्षं जिवापाड सांभाळलेली माळ, आणि मी तीन पोत्यांत तिची लाज घालवली होती! त्याच संध्याकाळी मी ठरवलं, मामंजींना सगळं सांगून टाकायचं. धीर गोळा करून मी सोप्यात गेले. तर मामंजी हातात पत्र घेऊन हसत उभे.

“सूनबाई! तासगावची मंडळी रविवारी येत्यात. सुमीला बगायला!”

माझा धीर आल्या पावली परत गेला.

तासगावचं हे स्थळ म्हणजे साधं नव्हतं. द्राक्षाची बाग, शेतकी शाळेत शिकलेला मुलगा, नाव जयवंत. सुमननं त्याला एका लग्नात बघितलं होतं. बघितलं होतं म्हणजे, वाढायला आली तेव्हा त्याच्या ताटात दोनदा जिलेबी टाकली होती, आणि त्यानं दोन्ही वेळा ‘पुरे’ म्हटलं नव्हतं. एवढ्यावर ती पोरगी चार महिने गुणगुणत फिरत होती. पण मुलाचे वडील, अण्णा, कडक माळकरी. एका घरी चुलीमागं कोंबडीचं खुराडं दिसलं म्हणून ते पाणीही न पिता उठून आले होते, अशी त्यांची ख्याती.

“वैनी,” सुमन माझा हात धरून म्हणाली, “आता काय करायचं गं?”

“काही नाही. टरफलं बंद!”

शनिवारी आम्ही दोघींनी उरलीसुरली टरफलं पोत्यांत भरली, पोती माळवदाच्या कोपऱ्यात रचली, वर घोंगडं टाकलं, दोरी बांधली. माळवद झाडून लख्ख केलं. मी समाधानानं खाली उतरले. इतके दिवस पंगती झोडलेल्या कावळ्यांना मी एका दिवसात उपाशी ठेवते आहे, हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

रविवार उजाडला. उन्हाळ्याचे दिवस, म्हणून अंगणात लिंबाखाली जाजम अंथरलं. आत्याबाईंनी हौसेनं तुळशीपुढं आणि जाजमाभोवती रांगोळी काढली. इतकी शुभ्र, इतकी रेखीव, की मी बघतच राहिले. आणि मग मी खाली वाकून चिमूटभर बोटांत घेऊन बघितली.

“आत्याबाई, रांगोळी कुठली?”

“आपली घरातली सपली हुती. तुजी ती पाचगणीची माती घेतली. म्हैना झाला, देवापुडंबी तीच काडती. लय झ्याक उठती गं!”

मी सुमनकडं बघितलं. सुमननं आकाशाकडं बघितलं. पुसायला वेळ नव्हता, कारण पाहुणे दारात उभे होते.

अण्णा म्हणजे उंच, काटक, पांढरं धोतर, फेटा, कपाळी बुक्का. जयवंत त्यांच्या मागं मान खाली घालून. अण्णांचा चेहरा काही बरा दिसत नव्हता. जाजमावर बसले, पण टेकले नाहीत.

“सुभेदार,” ते म्हणाले, “ष्टँडावर तुमचं घर इचारलं. तर तितं येक जन म्हनला, ‘अंडीवालं सुभेदार व्हय? कावळं दिसत्याल तिकडं जावा.’ ह्ये काय हाय?”

मामंजी आधी हसले. मग त्यांना कळलं की हा विनोद नाही.

“कोन म्हनला? आवं, आमच्या घरात आठ वर्सांत अंड्याचं नाव न्हाई! सपनातबी न्हाई!”

“तसं आसंल तर बरंच हाय,” अण्णा जरा सैल झाले. आजूबाजूला बघून म्हणाले, “घर सोवळं दिसतंय. रांगोळी तर लईच सुरेख.”

मी पोह्यांच्या बशा घेऊन आले. अण्णांनी बशी घेतली. आणि वरून आवाज आला: काव!

लिंबावर कावळा बसला होता. चोचीत अर्धं टरफल. (घोंगड्याला भोक पाडायला त्यांना एक सकाळ पुरली होती.) मी मनात म्हणाले, गिळ बाबा, गिळून टाक! पण त्याला बहुधा आणखी एकदा ‘काव’ म्हणायचं होतं. त्यानं चोच उघडली. टरफल फांदीवर आपटलं, तिथून उडालं, आणि अण्णांच्या बशीत, पोह्यांवर, खोबऱ्याच्या किसाच्या अगदी मधोमध, उपडं पडलं.

अण्णांनी ते टरफल दोन बोटांत धरून मामंजींसमोर केलं.

मामंजी उठले. शिडीकडं गेले. आठ वर्षांत प्रथमच माळवदावर चढले. वरून कावळ्यांचा थवाच्या थवा उडाला. आणि मग परेड मैदानावरचा आवाज आला:

“सूनबाई! रिपोर्ट!”

मी अंगणाच्या मध्यभागी उभी राहून रिपोर्ट दिला. वाकड्या पाठी, साहेब, हाडांचा चुरा, कॅल्शियम, पाचगणी, सगळं. घाबरल्यावर मी जास्त शास्त्रीय बोलते. कॅल्शियमचं रासायनिक चिन्हसुद्धा सांगितलं.

“अंडी कुनी खाल्ली?” मामंजींनी वरूनच विचारलं.

“पाचगणीच्या पोरांनी.”

“आपल्या घरात कुनी?”

“कुणीही नाही, मामंजी. शपथ.”

“मग येवढ्या टरफलांची पूड गेली कुटं?” अण्णांनी विचारलं. फार धारदार माणूस!

“माशांच्या खाद्यात,” मी म्हणाले.

आणि नेमकं त्याच क्षणी सुमनच्या तोंडून निघालं, “आई गं! रांगोळी!”

अण्णांनी खाली बघितलं. चारी बाजूंनी पांढरी नक्षी. त्यांनी धोतराचा सोगा वर उचलला आणि जाजमावर असे उभे राहिले जसं काही पुराच्या पाण्यात अडकलेत. पाय ठेवायला रांगोळीबाहेर जागा नव्हती! आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला आणि दारातच बसकण मारली.

“जयवंता, चल,” अण्णा म्हणाले.

सुमनचा चेहरा मी आजही विसरले नाही. ती रडली नाही. नुसती तुळशीकडं बघत उभी राहिली. मला वाटलं, धरणी दुभंगावी, आणि ती दुभंगत नसेल तर निदान त्या कावळ्यानं मलाच उचलून न्यावं.

मामंजी शिडीवरून उतरले. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

“अण्णा, जायाचं तर जावा. पर येक ऐकून जावा. हिला ‘बघ काय तरी’ म्हनून मी सांगितलं हुतं. हुकूम माजा. तिनं चुकवलं आसंल, पर माज्या माशांसाटी चुकवलं. सजा द्यायची तर मला द्यावी, माज्या लेकीला न्हाई.”

अण्णा रांगोळीतून बाहेर पडायची वाट शोधत होते. बोलला तो जयवंत. आल्यापासून पहिल्यांदाच.

“अण्णा, मासं तर बगून जाऊया.”

“मासं?”

“खरं सांगत्यात का खोटं, कळंल तरी.”

हे अण्णांना पटलं. खोटं शोधायला जायला ते एका पायावर तयार! मग आमची वरात तळ्यावर निघाली. पुढं मामंजी डबा घेऊन, मागं अण्णा धोतर सावरत, मग जयवंत, मग मी, आणि शेवटी, कुणी बोलावलं नसताना, सुमन.

मामंजींनी चमचा वाजवला. तोंडं वर आली. जयवंत काठावर उकिडवा बसला. एक वाकडा मासा जवळून गेला तशी त्यानं मान हलवली.

“वैनी, किती दीस पूड घालताय?”

“दोन महिने.”

“फरक?”

“औषधाला वेळ लागतो,” मी म्हणाले.

“न्हाई लागनार, वैनी. टरफलात नुसता चुना. चुना माशाला पान्यातनंबी मिळतो. ह्यास्नी कमी पडतोय फॉस्फरस, आन तो टरफलात जवळजवळ नसतोच. साहेबांनी हाडाचा चुरा सांगितला तो त्याच्यासाटीच.”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. अगदी माझ्या माशांसारखं. दोन महिने, तीन पोती, गावभर बोभाटा, एक मोडलेली सोयरीक, आणि हे सगळं चुन्यासाठी! जो पानाच्या डबीतही असतो!

“तुला रं कसं म्हाईत?” अण्णांनी विचारलं. “तू कुटं मासं पाळलंस?”

जयवंतनं एकदा वडिलांकडं बघितलं. एकदा सुमनकडं. आणि उठून उभा राहिला.

“मासं न्हाई, अण्णा. पर आपल्या द्राक्षाला मी त्येच घालतोय.”

“आपन तर करंजाची पेंड घालतो.”

“पेंडबी घालतो. पर त्या पांढऱ्या पोत्यात पेंड न्हवती. तुमी इचारलं तवा मी म्हनलं, मिरजंचं खत हाय.”

“मग काय हुतं?”

“हाडाचा चुरा. तीन सालं झाली.”

अण्णा काठावर मटकन बसले. त्या बागेची पहिली द्राक्षं दर साली देवाला जात. शिवाय एकादशीला फराळ म्हणून अण्णा स्वतः तीच खात. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक घड ओघळताना आम्हाला दिसत होता.

मामंजी त्यांच्या शेजारी बसले. दोन माळकरी म्हातारे, मधे पेंडीचा डबा. आधी मामंजींचे खांदे हलले. मला वाटलं रडतात की काय. पण ते हसत होते.

“अण्णा, माज्या माळवदावर टरफलं, तुमच्या बागंत हाडं. आता दोन घरांत फरक काय ऱ्हायला?”

“फरक हाय की,” अण्णा गंभीरपणे म्हणाले. “तुमच्या सुनंचं दोन म्हैन्यात कावळ्यानं उगडं पाडलं. माज्या पोरानं तीन सालं पचिवलं.”

“म्हंजी जावई हुशार हाय म्हनायचा!”

अण्णांनी वळून बघितलं. “जावई म्हनलासा बगा. आता माघार न्हाई.”

आणि मग तेही हसू लागले. इतके, की मासे घाबरून तळाशी गेले. मागं सुमन आता रडत होती, ते मात्र मी कुणाला बघू दिलं नाही. आडवी उभी राहिले. तेवढं तरी मला त्या दिवशी बरोबर जमलं.

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. तासगावहून पाहुण्यांबरोबर एक पांढरं पोतं आलं. मामंजींनी ते घरात घेतलं नाही, रानातल्या खोपीत ठेवलं. चुरा मिसळायचं काम गड्याकडं दिलं आणि स्वतः फक्त चमचा वाजवत राहिले. वाकड्या पाठी वाकड्याच राहिल्या, पण पुढच्या साली सोडलेली पिल्लं सुतासारखी सरळ निघाली. भोई जाळं घेऊन आले त्या दिवशी मामंजी सकाळीच साताऱ्याला गेले आणि दिवेलागणीला परतले. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. आत्याबाईंनी अख्खं घर दोनदा सारवून घेतलं आणि आठ दिवस माझ्याशी अबोला धरला. नवव्या दिवशी भाकरी थापता थापता हळूच म्हणाल्या, “पर काय बी म्हन, रांगोळी उजळ उठायची गं ती.”

आज मामंजी नाहीत, आत्याबाई नाहीत. खड्डा बुजवून तिथं ऊस झाला. सुमन तासगावात नातवंडांत रमली आहे. माहेरी आली की आम्ही दोघी त्या बांधावर जाऊन बसतो. उसाची पानं सळसळतात आणि मला उगाच वाटतं, आता कुणीतरी डब्यावर चमचा वाजवील.

पण त्या तळ्यानं मला एकदा व्यासपीठावरही चढवलं, ते सांगायचं राहिलं. सरळ पाठीचे मासे बघून मत्स्यखात्याचे ते साहेब भलतेच खूश झाले होते. त्यांनी साताऱ्यात शेतकऱ्यांचं शिबिर भरवलं आणि ‘माशांच्या आहारात खनिजं’ या विषयावर बोलायला चक्क मला उभं केलं. इस्त्रीचं पातळ नेसून मी तासभर बोलले. चुना पाण्यातून, फॉस्फरस चुऱ्यातून, मीठ चिमूटभर! एकही चूक केली नाही. जिथं करायच्या तिथं करून झाल्या होत्या. लोक माना डोलावत होते.

शेवटी मागच्या रांगेतून एक म्हातारबा उठले.

“बाई, समदं पटलं. पर येक सांगा. ह्यो चुरा घातल्यावर चवीत काय फरक पडतुया?”

सगळ्यांचे डोळे माझ्याकडं. साहेबांचेही. मी माहेरीही कधी मासा खाल्ला नव्हता आणि सासरी तर प्रश्नच नव्हता. ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द जिभेवर आले होते. पण मी घसा खाकरला आणि ठामपणे म्हणाले,

“आमच्या माशांनी तरी आजवर चवीबद्दल तक्रार केलेली नाही!”